तलवार, भाला की गुर्ज (लोखंडी गदा)? मध्ययुगीन लढाईत नेमकं काय चालायचं

काळा_खडक (धागाकर्ता)

इतर धाग्यांवर अवांतर म्हणून हा वाद इतक्या वेळा पेटलाय की शेवटी स्वतंत्र धागा काढतोय. जपानी तलवारीनं, म्हणजे कातानानं, मशीनगनची नळी कापली (कापली नाही). राणा प्रतापांचा भाला ८० किलोचा होता (नव्हता, ८० किलोचं काहीही एका हातात धरून घोड्यावर बसून दाखवा). नाइट लोकांना (युरोपातले चिलखती घोडेस्वार) क्रेननं उचलून घोड्यावर ठेवायचे (नाही हो).

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. 'कोणतं हत्यार भारी' हा प्रश्न अर्धाच आहे. समोरच्यानं अंगात काय घातलंय आणि तुमच्या डाव्या-उजव्या हाताला कोण उभं आहे, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि ते कळलं की बहुतेक वेळा तलवार पहिल्या नंबरावर येत नाही. तलवार कमरेला असायची. हातात भाला असायचा, नाहीतर लांब दांड्याचं दुसरं काहीतरी.

पुरावा म्हणून पोवाडे आणि बखरी दोन मिनिटं बाजूला ठेवू, हाडं बघू.

आजच्या स्वीडनमधल्या गोटलंड बेटावरचं व्हिस्बी. २७ जुलै १३६१. डेन्मार्कचा राजा वाल्डेमार चौथा याचं कसलेलं सैन्य एकीकडे, आणि तटाबाहेर उभे राहिलेले बेटावरचे शेतकरी दुसरीकडे. शहराचे दरवाजे बंदच राहिले, शेतकरी कापले गेले. उन्हाळ्याचे दिवस, प्रेतं लवकर कुजायला लागली, त्यामुळे एरवी कोणी सोडलं नसतं असं चिलखतसुद्धा बऱ्याच जणांच्या अंगावर तसंच ठेवून त्यांना खड्ड्यात लोटलं. विसाव्या शतकात खड्डे उकरले तेव्हा ११०० च्या वर सांगाडे निघाले. कापल्याच्या जखमा सगळ्यात जास्त कुठे? गुडघ्याखाली. नडगीवर वारामागून वार. अंगात आतून लोखंडी पट्ट्या ठोकलेला कोट, डोक्याला लोखंडी कड्या गुंफलेली टोपी, हातात ढाल. पाय मात्र उघडे.

आता इंग्लंडमधलं टाउटन, २९ मार्च १४६१, बर्फाच्या वादळात झालेली लढाई. १९९६ मध्ये तिथे बांधकाम करताना एक खड्डा सापडला, त्यात ३७-३८ जण होते. इथे उलटं चित्र. धडावर फार थोड्या खुणा, डोक्यांचा मात्र चेंदामेंदा. एकाच कवटीवर आठ घाव. काही कवट्यांत चक्क चौकोनी भोकं आहेत, आणि ती तलवारीनं पडत नाहीत. युद्धकुऱ्हाडीच्या किंवा हातोड्याच्या अणकुचीदार दातानं पडतात. म्हणजे या लोकांच्या डोक्यावर त्या क्षणी टोप नव्हता. पळताना फेकला असेल, श्वास घ्यायला काढला असेल, किंवा पकडल्यावर काढायला लावला असेल.

आणि इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा. २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थला मेला, २०१२ मध्ये लेस्टरच्या एका पार्किंगखाली सापडला. मरतेवेळच्या ११ जखमा, त्यातल्या ९ डोक्यावर. हातांवर बचाव करताना होतात तशा जखमा नाहीत, म्हणजे बाकीचं चिलखत बहुधा जागेवर होतं आणि फक्त टोप गेलेला होता. कवटीच्या तळाशी मागून घातलेले दोन मोठे घाव आहेत, त्यातला एक हॅलबर्डसारख्या (लांब दांड्याची, अणी असलेली कुऱ्हाड) जड पात्याचा असावा. राजाला बहुधा एखाद्या पायदळाच्या शिपायानं संपवलंय.

तिन्हीकडे हत्यारानं उघडी जागा शोधली आहे. बोला आता.

टिवल्याबावल्या

मी खुर्ची घेऊन बसलोय. कातानावाले आयडी अजून कसे आले नाहीत?

हाडवैद्य

धागा आवडला, पण या पुराव्याची एक खोट सांगतो. हाड बोलतं ते हाडाला लागलं तरच. भाला बरगड्यांखाली पोटात शिरला, आतडं फाटलं, माणूस तीन-चार दिवसांनी तापानं गेला, तर सांगाड्यावर ओरखडासुद्धा नाही. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांत कारभार आटोपतो, हाड साबूत. म्हणजे तुमच्या मोजणीत कापणारी आणि ठेचणारी हत्यारं जास्त दिसणार, भोसकणारी कमी.

नडगीचंही तसंच. तिथे पुढच्या बाजूला कातडीखाली थेट हाड आहे, मांस नाहीच. जरा खोल वार बसला की हाडावर खूण. तोच वार मांडीवर बसला तर स्नायूतच मुरतो. त्यामुळे व्हिस्बीत पायावरच नेम धरत होते, असं लगेच म्हणू नका. धरत असतीलही. ढाल वर उचलली की पाय मोकळा होतो, हे खरंच आहे. शिवाय खाली पडलेल्या माणसावर वार करायचा तर जे जवळ असेल त्यावर बसतो.

टाउटनचा एक सांगाडा मला फार इंटरेस्टिंग वाटतो. त्याच्या जबड्यावर खोल घाव आहे, पण जुना, पूर्ण भरून आलेला. म्हणजे हा गडी आधी कुठेतरी तोंडावर पात्याचा वार खाऊन जगला, कोणीतरी तो नीट बांधला, आणि पुढच्या लढाईला तो पुन्हा हजर. अँटिबायोटिक नसलेल्या काळात जखम बांधणारा हुशार असणार.

काळा_खडक

डॉक्टर, हे तर माझ्याच पथ्यावर पडलं. हाडावर न उमटणाऱ्या जखमा म्हणजे भाला आणि कट्यार. दोघांचंही पारडं आणखी जड झालं.

म्युनिकचा_मोरू

मी इथे जर्मनीत जुन्या युरोपीय तलवारबाजीच्या क्लबात जातो, म्हणून थोडं हातानं अनुभवलेलं लिहितो.

आधी वजनं, कारण तिथूनच सगळे गैरसमज सुरू होतात. एकहाती तलवार किलो-सव्वा किलोच्या आसपास. दोन हातांची लांब तलवार साधारण दीड किलो. पत्र्याचं पूर्ण चिलखत २० ते २५ किलो, पण ते सगळ्या अंगावर वाटलेलं असतं. माणूस त्यात पळतो, पडला तर उठतो. दमतो मात्र भयंकर, आणि तेही आधी उष्णतेनं.

भाला विरुद्ध तलवार, दोघेही बिनचिलखती, बिनढालीचे: नवख्याच्या हातात भाला दिला तरी चांगला तलवारवाला हैराण होतो. भाल्याचं टोक सतत तोंडासमोर नाचत असतं, मागचा हात चार बोटं हलला की पुढे टोक हातभर सरकतं. तलवारवाल्याला ते एकदा बाजूला सारून आत शिरायला मिळालं तरच काही आशा. ढाल दिली की सामना बराच बरोबरीत येतो. दोन भालेवाले शेजारी उभे केले की तलवारवाल्यानं घरी जावं.

आता पत्र्याचं चिलखत. त्यावर तलवारीचा वार करणं म्हणजे धार घालवणं. पंधराव्या शतकातल्या जर्मन वस्तादांच्या सचित्र पोथ्या शिल्लक आहेत, त्यांत चिलखतवाल्याशी कसं लढायचं ते स्वच्छ काढलंय. डावा हात पात्याच्या मध्यावर, उजवा मुठीवर, आणि तलवार आखूड भाल्यासारखी वापरायची. टोक काखेत, कोपराच्या आत, हातमोज्याच्या तोंडात, टोपाच्या फटीत. नाहीतर तलवार सरळ उलटी करायची, दोन्ही हात पात्यावर, आणि मुठीचा गोळा त्याच्या डोक्यात. पातं हातानं धरता येतं का, हा प्रश्न दर वेळी येतो. घट्ट धरलं आणि घसरू दिलं नाही तर येतं. घरी करून बघू नका.

यातल्या निम्म्या चित्रांत शेवट कुस्तीत आहे. टांग मारून पाडायचं, वर बसायचं, आणि कट्यार टोपाच्या फटीतून आत. ती कट्यारसुद्धा कापायच्या कामाची नाही, जवळजवळ दाभणच असते.

मला एकच निवडायला सांगितलं तर पोलॲक्स. पाच-सहा फुटी दांडा, एका बाजूला हातोडा, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडीचं पातं किंवा दात, वर अणी, बुडालाही अणी. दांडा तुटू नये म्हणून वरून लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. ठेचा, ओढा, भोसका, पाय अडकवून पाडा, सगळं एकात.

खडूस_कोकणी

म्हणजे इतकं सगळं लोखंड अंगावर चढवून शेवटी लाल मातीच करायची. आमच्या तालमीत चड्डीवर होतं.

पंचगंगाकाठ

दांडपट्ट्याची चेष्टा सुरू व्हायच्या आत लिहितो. कोल्हापुरात मर्दानी खेळाच्या आखाड्यात वाढलोय.

पट्टा म्हणजे लांब तलवार नव्हे. मूठ आडवी असते आणि ती लोखंडी खोबळ्याच्या आत. खोबळा कोपरापर्यंत जातो, त्यामुळे हात झाकलेला राहतो, पण मनगट बांधलं जातं. तलवारीसारखं मनगटातून फिरवता येत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पायांतून येतो. म्हणून वस्ताद आधी वर्षभर नुसते पवित्रे करून घेतात, पट्टा हातात देत नाहीत. पातं लांब, दुधारी, लवचिक. कित्येक जुन्या पट्ट्यांची पाती परदेशी बनावटीची, मूठ इथली.

आता धागाकर्त्यांचा 'शेजारी कोण उभं आहे' हा मुद्दा पट्ट्याला लावून बघा. पट्टेकऱ्याला शेजारी कोणी चालतच नाही. त्याच्याभोवती जे रिंगण तयार होतं त्यात शत्रू शिरत नाही, तसा मित्रही शिरला तर कापला जाईल. खांद्याला खांदा लावून रांगेत लढायला हे हत्यार कुचकामी. एकानं अनेकांना थोपवायचं असेल, कोणाच्या तरी अंगरक्षणाला उभं राहायचं असेल, तर त्याला तोड नाही. परंपरेत पट्टा ज्यांच्या हातात दाखवतात ते प्रसंग आठवा. प्रतापगडावर जिवा महाला, घोडखिंडीत बाजीप्रभू. दोन्ही कामं त्याच जातीची आहेत.

कडीच्या चिलखतावर पट्ट्याचा वार चालतो का? नाही. पण दख्खनच्या उन्हात अंगभर लोखंड घालून किती जण हिंडत होते? सरदारांकडे कडीचं चिलखत असायचं, साध्या शिपायाच्या अंगात कापूस भरलेली जाड बंडी असली तरी पुष्कळ.

आणि विट्याला विसरू नका. आखूड भाला, बुडाला दोरी, दोरीचं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. समोरच्याला वाटतं हत्यार गेलं हातातून, आणि तो पुढे येतो.

काळा_खडक

क्या बात है. रिंगणाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. चिलखतावरून: १० नोव्हेंबर १६५९ ची भेट हेच उत्तम उदाहरण. खानानं कुशीत कट्यार चालवली, ती वस्त्राखालच्या चिलखतावर खरवडून गेली. महाराजांनी उलट वापरली ती वाघनखं आणि बिचवा, दोन्ही मिठीच्या अंतरावरची, आणि घाव पोटात. लांब हत्यार त्या अंतरावर ओझंच.

टिवल्याबावल्या

म्हणजे मोरूच्या जर्मन पोथीतलाच धडा, फक्त कुस्ती उभ्या उभ्या.

सांजवात

सगळे सतराव्या शतकात आणि युरोपात अडकलेत, म्हणून थोडं मागे आणि घराजवळ येते. यादव-शिलाहार काळातली हत्यारं बघायची असतील तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघा. बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ उभे आहेत, त्यांतल्या काहींवर तर आरमारी लढाई कोरली आहे. वल्ह्यांच्या होड्यांची रांगच्या रांग, आणि नावेवर हातघाईला आलेली माणसं. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी हे शिल्प जोडलं जातं.

गावोगावच्या साध्या वीरगळांवर खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. लढाईच्या पट्टीत बहुतेकदा ढाल-तलवार, भाला, धनुष्य आणि घोडा. अंगावर चिलखत फारसं दिसत नाही, आता ते कोरणाऱ्यानं गाळलं की नव्हतंच, हा वेगळा वाद. माझं मत विचाराल तर या दगडांवर तलवार जास्त दिसते म्हणून ती जास्त वापरली जायची, असं होत नाही. तलवार हातात असलेला माणूस वीर दिसतो. भाला तर सगळ्यांकडेच असतो. लोखंड किती लागतं बघा ना: भाल्याच्या फाळाला मूठभर, बाकी बांबू किंवा काठी. तलवारीला हातभर चांगलं पोलाद आणि ते पाजणारा कारागीर. शिल्पात मान महागड्या वस्तूला.

खडूस_कोकणी

+१ ताई. लग्नाच्या फोटोत कोणी कोयता घेऊन उभं राहत नाही.

अर्धा_शिलेदार

घोडा कुठे गेला सगळ्यांचा? घोडेस्वारापुढे हे सगळं पायदळ म्हणजे गवत.

काळा_खडक

गवत १३०२ पर्यंत म्हणा हवं तर. ११ जुलै १३०२, फ्लँडर्समधलं कोर्टराई. एका बाजूला फ्रान्सचे नामवंत सरदार, दुसऱ्या बाजूला विणकर, खाटीक, शहरातले कारागीर. यांच्या हातात लांब भाले आणि गोडेंडाग. म्हणजे पाच फुटी जाड सोटा, टोकाला लोखंडी पट्टा आणि त्यातून बाहेर आलेली अणी. रांगेत भालेवाल्यानं घोडा अडवायचा, गोडेंडागवाल्यानं स्वाराला खाली आणून ठेचायचं. समोर ओढे आणि चर, त्यामुळे घोड्यांना वेगच घेता आला नाही. मेलेल्या सरदारांचे सोनेरी स्पर (घोड्याला टोचायला टाचेवर बांधायचे काटे) गोळा करून चर्चमध्ये टांगल्या.

यात हत्यार सगळ्यात स्वस्त आहे. महाग होती ती जागची न हलण्याची शिस्त.

निमगोरा

शिस्त आहे आणि समोर तिरंदाज आले तर? १२९८ ला फॉलकर्कला स्कॉटिश भालाइतांची वर्तुळं जागची हलली नाहीत. इंग्रज घोडदळ त्यांना फोडू शकलं नाही, मग बाण सोडून त्यांना तिथल्या तिथे विरळ केलं आणि नंतर घोडे घातले. दगड-कागद-कात्रीचा खेळ आहे हा, एक उत्तर काढू नका.

हॅलबर्डची सगळे स्तुती करतात म्हणून आजच्या स्वित्झर्लंडमधल्या अरबेदोची लढाई सांगतो. १४२२. स्विस लोक तोवर हॅलबर्डनं भल्याभल्यांना लोळवत आले होते. १३१५ मोरगार्टेन, १३८६ झेंपाख. अरबेदोला मिलानच्या सैन्याचा सेनापती कारमान्योला यानं आधी घोडदळ घातलं, ते फसलं. मग त्यानं चिलखती स्वारांना घोड्यावरून उतरवलं आणि लांब भाले घेऊन पायी चालवलं. हॅलबर्ड तिथवर पोचेचना. चिलखत जाड, भाला लांब. स्विसांना माघार घ्यावी लागली, आणि त्यानंतर त्यांनी आपल्या रांगांत पाइक (खूप लांब भाले) वाढवले. हॅलबर्ड मधल्या गर्दीसाठी राहिला. पाइक अडवतो, हॅलबर्ड संपवतो. ५ जानेवारी १४७७ ला नान्सीला बर्गंडीचा शार्ल मेला, त्याचं डोकं हॅलबर्डनं उभं फाटलेलं सापडलं असं सांगतात.

अर्धा_शिलेदार

आणि माणसाचं काय? बॅनकबर्नच्या आदल्या दिवशी, २३ जून १३१४ ला, स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस छोट्या घोड्यावर, हातात फक्त कुऱ्हाड. समोरून इंग्रज सरदार हेन्री द बोहून पूर्ण चिलखतात, भाला रोखून भरधाव. ब्रूसनं शेवटच्या क्षणी घोडा बाजूला घेतला, रिकिबीत उभा राहिला आणि टोपासकट डोकं फोडलं. कुऱ्हाडीचा दांडा मोडला. धागाकर्त्यांच्या हिशेबानं बोहून जिंकायला हवा होता: हत्यार लांब, चिलखत पूर्ण, घोडा मोठा.

काळा_खडक

लांब हत्याराचं टोक चुकवलं की त्याचा मालक उघडा पडतो, हे मोरूनं वर लिहिलंय. ब्रूसनं तेच केलं, घोड्यावरून. आणि राजानं स्वतःचा जीव असा धोक्यात घातला म्हणून त्याचे सरदार त्याच्यावर रागावले, ते बरोबरच होतं. राजानं दर वेळी असं करायचं ठरवलं असतं तर स्कॉटलंडला बरेच राजे लागले असते.

निमगोरा

तलवारीची फारच नाचक्की चाललीय, म्हणून तिच्या बाजूनं एक साक्षीदार. काळ मध्ययुगानंतरचा आहे, पण हत्यार तेच आणि जागा आपल्या शेजारची. कॅप्टन नोलन, १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या त्या प्रसिद्ध हल्ल्यात मेलेला इंग्रज घोडदळाचा अधिकारी, हिंदुस्थानात होता. निजामाच्या स्वारांच्या एका चकमकीचा वृत्तांत त्याच्या हाती आला, त्यात हात तुटलेले, मुंडकी उडालेली. त्याला वाटलं, काही खास पोलाद असणार. चौकशी केली तर पाती इंग्रजांच्याच घोडदळानं मोडीत काढलेल्या जुन्या तलवारींची! फरक दोनच. निजामाच्या स्वारांनी त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावली होती, आणि लाकडी म्यानात ठेवली होती. लढाईशिवाय उपसायची नाही. इंग्रज शिपाई लोखंडी म्यानात तलवार खडखडवत दिवसभर हिंडायचा, त्यात धार कधीच गेलेली.

म्हणजे हत्यारांची तुलना करताना म्यानही मोजा.

पंचगंगाकाठ

बरोबर. लाकडी म्यान, वरून कातडं किंवा मखमल. पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरतं आणि पात्याला गंज चढतो, म्हणून आमच्याकडे पावसाळ्याआधी पाती तेल देऊन बाहेर काढून ठेवतात. आखाड्यातली बिनधारेची असतात, तरी.

हाडवैद्य

कापूस भरलेल्या बंडीचा उल्लेख वर झालाय. ती खरंच काही अडवते का? कापडानं तलवार अडते हे पटत नाही.

म्युनिकचा_मोरू

अडते, डॉक्टर. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या काळच्या हुकमात शिपायाच्या जाकिटाला कापडाचे २५ ते ३० थर आणि वरून हरणाचं कातडं सांगितलंय, आणि मऊ, वापरून जुनं झालेलं कापड सगळ्यात चांगलं असंही त्यात आहे. क्लबात आम्ही जुन्या चादरींचे थर शिवून लाकडी ठोकळ्यावर बांधले होते. साधारण धारेची तलवार नुसती आपटली तर उसळते, खाली ठोकळ्यावर खूणही नाही. तीच चांगली परजून, ओढत मारली तर वरचे बरेच थर फाटतात, पण तळाला पोचत नाही. भाल्याचं अरुंद टोक मात्र सरळ रेटलं की आरपार. आणि मागून हातोडा मारला तर कापड तसंच्या तसं राहतं आणि ठोकळा फुटतो. बरगडीचं काय होत असेल ते तुम्हीच सांगा.

हाडवैद्य

मोडते. आणि मोडलेलं टोक आत फुफ्फुसात गेलं तर हवा कोंडून माणूस गुदमरतो, वरून जखम दिसतही नाही. गुर्ज घेऊन फिरणाऱ्याला हे माहीत असणारच.